सुरीची मूठ

आमच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलें तें विळीनें. विळीस मूठ नाहीं. पाटावर पाय रोवला कीं पातें स्थिर होतें आणि दोन्ही हात भाजीस मोकळे राहतात. उभ्या ओट्याबरोबर सुरी घरांत आली, आणि जो भार पूर्वीं पायावर पडे तो मनगटावर व बोटांवर येऊन पडला. ज्या वयांत सांधे दुखूं लागतात त्या वयाच्या गृहिणीस हा फरक तत्काळ कळतो. बाजारांतील सुरीची मूठ मात्र सर्वांस एकाच मापाची! सासूचा हात निराळा, सुनेचा निराळा, हें कारखानदारानें कोठवर पाहावें? तें घरच्यांनींच पाहिलें पाहिजे. नुसतें पातें आणून त्यास घरीं मूठ बसवावी, असें आम्ही सुचवितों तें एवढ्याचसाठीं.

शिरोळकडे पातें मिळविणें अवघड नाहीं. हा उसाचा मुलूख. गळिताच्या हंगामांत येथें कोयत्यास खळ नसतो. मालमोटारींच्या जुन्या कमानपाट्यांचें पोलाद तापवून घिसाडी व लोहार कोयते, विळे घडवितात, आणि सांगितल्यास सुरीचें पातेंही करून देतात. ऊसतोडीच्या करारांत नवराबायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. माणसांची गणती हत्याराच्या नांवानें व्हावी हें आम्हांस रुचत नाहीं. पण सैल किंवा ओबडधोबड मूठ म्हणजे काय, हें त्यांच्या तळहातावरच्या घट्ट्यांइतकें दुसरें कोण सांगणार?

मुठीस लाकूड बाभळीचें उत्तम. तें चिवट असतें आणि आपल्याकडे सहज मिळतें. शिसव अधिक देखणें, पण महाग. लाकूड कोणतेंही असो, तें पुरतें वाळलेलें हवें. ओल्या लाकडाची मूठ आज घट्ट वाटली तरी वाळतांना आकसते व चिरते. कृष्णा-पंचगंगेच्या काठीं तर हें विशेषच लक्षांत ठेवावें. 2005 आणि 2019 च्या महापुरांत या भागांतील कितीतरी घरें दिवसचे दिवस पाण्यांत होतीं. असें भिजलेलें लाकूड आधीं फुगतें व सुकल्यावर ढिलें पडतें. रोजच्या धुण्याभांड्यांतही थोड्या प्रमाणांत हेंच घडत असतें.

आतां माप. जिच्यासाठीं मूठ करावयाची तिनें लाकूड हातांत धरून पाहावें. मूठ तळहाताच्या रुंदीहून बोटभर लांब असावी. मूठ आवळली असतां बोटांचीं टोकें तळव्यांत रुतूं लागलीं, तर ती बारीक आहे असें समजावें. सांधे दुखणाऱ्या हातास किंचित् जाड मूठ सुखाची होते, कारण ती आवळण्यास जोर कमी लागतो. मूठ वाटोळी मात्र कधींही करूं नये. ती लांबट अंडाकृति असली म्हणजे धार कोणीकडे आहे हें न पाहतां हातास कळतें, आणि ओल्या बोटांत सुरी फिरत नाहीं. नक्षीची हौस असल्यास ती मुठीच्या टोकास करावी. पकडीच्या जागीं कोरीवकाम फक्त मळ साठवितें.

पात्याचें निमुळतें टोक मुठींत बसविण्यासाठीं मधोमध भोंक पाडावें, तें टोकाहून जरासें अरुंद ठेवावें. मग जुना खिळा किंवा सळई तापवून भोंक आंतून जाळीत जाळीत मापास आणावें. यासाठीं सुरीचेंच टोक लाल करण्याचा मोह आवरावा. उष्णता धारेपर्यंत पोंचली तर लोहारानें दिलेलें पाणी उतरतें व पातें मऊ पडतें. मुठीच्या तोंडाशीं पितळेची शेंबी ठोकली म्हणजे लाकूड फाटत नाहीं. नंतर लाख वितळवून तींत विटेची वस्त्रगाळ पूड मिसळावी, भोंकांत भरावी, पात्याभोंवतीं ओलें फडकें गुंडाळून त्याचें टोक कोमट करावें व सरळ रेषेंत दाबून बसवावें. तलवारीची मूठही आपल्याकडे लाखेनेंच बसवीत असत. लाख उष्णतेनें पुन्हां मऊ होते, म्हणून मूठ बदलणें सोपें. मात्र अशी सुरी उकळत्या पाण्यांत टाकूं नये. ज्यांस ही खटपट नको त्यांनीं दोन नळ्यांतून मिळणारें इपॉक्सी वापरावें. तें अधिक घट्ट बसतें, पण मूठ पुढें सुटत नाहीं. आमचा ओढा लाखेकडे आहे.

शेवटीं कानस, मग पॉलिश कागद, आधीं खरखरीत व नंतर बारीक. त्यानंतर मूठ ओल्या फडक्यानें पुसून वाळूं द्यावी. दबलेले तंतु उभे राहतात, ते पुन्हां घासून काढावे. ही पायरी गाळली तर पहिल्याच धुण्यांत मूठ खरबरीत होते. मग जवसाचें कच्चें तेल अगदीं पातळ चोळावें, उरलेलें पुसून घ्यावें, आणि दोनतीन दिवसांच्या अंतरानें असें चारपांच वेळां करावें. जवसाचें तेल हवेनें घट्ट होऊन लाकडांत मुरतें. खोबरेल तसें वाळत नाहीं. तेलाचीं फडकीं मात्र चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल वाळतांना उष्णता निर्माण होते व अशा बोळ्यास आपोआप आग लागूं शकते. तीं दोरीवर पसरून वाळवावीं.