आवडीवर निबंध कसा लिहावा?



ऊस लागणीचं सांगणारा माणूस निबंधावर काय लिहितोय, असं आपणास वाटेल. पण तसंच कारण घडलं.

मागच्या हिवाळ्यात नवी मुंबईत, नेरूळला बहिणीकडे गेलो होतो. दहावीतल्या भाचीनं 'माझा छंद' हा निबंध दाखवला. पहिलंच वाक्य, 'वाचन हा माझा आवडता छंद आहे.' विचारलं, "शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस?" पोर गप्प. मग म्हणाली, "मामा, मला छंदच नाही. गाईडातून उतरवलं."

संध्याकाळी तीच मला खाडीकाठच्या पाणथळीवर घेऊन गेली. तिथं रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले होते. खाडीला भरती आली की ते इकडं विसाव्याला येतात, ओहोटीला चिखलात चरायला जातात. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्यांना गुलाबी रंग चढतो. पिल्लं मात्र राखाडी असतात. हे सारं ती घडाघडा सांगत होती. भरतीच्या वेळासुद्धा वहीत टिपलेल्या! आणि निबंधात यातलं एक अक्षर नव्हतं. "याला कोण छंद म्हणतं?" म्हणाली.

पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची गोष्ट तिला सांगितली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. त्या एका प्रश्नातून जन्माची आवड लागली.

तेव्हा मुलांना एवढंच सांगावं :

१. 'मला अमुक फार आवडतं' अशी सुरुवात नको. आवड कधी, कशी लागली तो प्रसंग लिहावा.
२. आपण स्वतः काय करतो, कुठं चुकलो, ते लिहावं.
३. अजून न उलगडलेला प्रश्न शेवटी मांडावा.

आपल्या गटातली किती तरी पोरं ट्रेमध्ये एक डोळ्याची रोपं करण्यात रमतात आणि निबंधात 'क्रिकेट' लिहितात. शेतातलं काय लिहायचं, ही लाज आपणच त्यांना लावली. भाचीला 'रिकामे उद्योग सोड' असं मीही पूर्वी म्हणालो होतोच.

म्हणून विनंती : पोरानं वही आणली तर वाक्यं सांगू नका. शेजारी बसून विचारा, "तुला कशात वेळ कळत नाही?" जे उत्तर येईल, ते लिहायला सांगा.

– ऊस विकास अधिकारी