विनाशस्त्र नागरिकाचे येणे

9 ऑगस्ट 2011 रोजी मावळातल्या बऊर गावाजवळ शेतकरी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलायचे आणि निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पिंपरी-चिंचवडला पुरवायचे, अशी तोवरची रीत होती. महापालिकेला तेच पाणी बंद जलवाहिनीने थेट धरणातून आणायचे होते. पाणी नळात शिरले की आपल्या मोटारी कोरड्या पडतील, ही नदीकाठच्या शेतकऱ्याची धास्ती. आंदोलन चिघळले, पोलिसांनी गोळीबार केला आणि एक बाई व दोन पुरुष प्राणाला मुकले. त्या दिवशीच्या चित्रफितींत पोलीसच गाड्यांच्या काचा फोडताना दिसले. पुढे न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला गेला. सरकारी बंदूक आपल्याच माणसांवर रोखली जाते तेव्हा नागरिकाच्या हाती काय उरते, हा प्रश्न या परिसराला तेव्हापासून टाळता येत नाही.

अशा वेळी अमेरिकेचा दाखला देऊन कुणी म्हणते, नागरिकालाही शस्त्र बाळगण्याचा हक्क हवा. हा विचार आपल्याकडे परका नाही. ब्रिटिशांच्या 1878 च्या शस्त्र कायद्याची चीड इतकी होती की काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घातला गेला. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी तो संविधानात यावा म्हणून दुरुस्ती सुचवली, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती बारगळली. कलम 19 ने आपल्याला दिला तो शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. माझ्या मते हा एक करार आहे. नागरिकाने शस्त्र खाली ठेवले. बदल्यात शस्त्रधारी राज्याने प्रत्येक गोळीचा हिशेब द्यायचा. आपला वाटा आपण केव्हाच दिला आहे. राज्याकडचे येणे थकले आहे.

चाकणचा लघुउद्योजक यावर रास्त आक्षेप घेईल. माथाडीचे नाव पुढे करून मागितलेली खंडणी, भंगाराच्या ठेक्यासाठी आलेली धमकी, गेटवर अडवलेला टेम्पो, हे सारे त्याच्या दारात घडते. स्वतःचे पिस्तूल का नको? कायदा त्याला वाट ठेवतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना मिळू शकतो; 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन शस्त्रांपर्यंत, पाच वर्षांसाठी. पण खणात ठेवलेले पिस्तूल अडवलेला टेम्पो सोडवत नाही. धमकावणाऱ्याकडे चोपडा तालुक्याच्या सीमेलगतच्या उमरटीसारख्या ठिकाणाहून आलेला गावठी कट्टा असेल, तर परवान्याने चकमक वाढेल, खंडणी थांबणार नाही. शिवाय म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीत एका खोलीत चौघे राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला पिस्तूल परवडेल का? शस्त्राचे संरक्षण ऐपतीप्रमाणे मिळते. तक्रार नोंदवून घेणारे पोलीस ठाणे मात्र दोघांच्याही कामाचे. आणखी एक गोष्ट. 15 ऑगस्ट 2018 रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झाले, तेव्हा चाकणच्या शस्त्र परवान्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडून पोलीस आयुक्तांकडे गेला. म्हणजे परवाना मागायचा तोही पोलिसांकडेच. शेवटी सगळी वाट पोलिसांच्या उत्तरदायित्वापाशीच येते.

ते उत्तरदायित्व कागदावर आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितले. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याऐवजी विभाग धरला. पुणे विभागात पुण्यासह सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे. कोठडीतला मृत्यू, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे, एवढ्या गंभीर तक्रारींना पाच जिल्ह्यांत मिळून एकच दार कसे पुरेल? कोठडीच्या भिंतीआडचे दिसावे म्हणून 2020 मध्ये न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही आणि शक्यतो 18 महिन्यांचे चित्रण ठेवायला सांगितले. मात्र जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसावर खटला भरायचा, तर आजही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 151 खाली सरकारची मंजुरी लागते. ज्यांचा हुकूम, त्यांचीच मंजुरी.

अशा बंधनांनी पोलिसांचे हात बांधले जातील, असे म्हणणाऱ्यांकडे 30 जुलै 2018 चे चाकण आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात त्या दिवशी तिथे गाड्या जळाल्या. जमाव हिंसक होऊ शकतो आणि त्याला आवरणाऱ्या शिपायाचा जीव आपल्याइतकाच मोलाचा आहे. म्हणूनच नोंद हवी. आदेश कुणी दिला, इशारा दिला का, कुणाच्या बंदुकीतून किती गोळ्या सुटल्या, हे लिहिलेले असेल तर नियमाने वागलेल्या शिपायाला त्या कागदाचाच आधार मिळतो. नोंद नसेल तर वरिष्ठाचा आदेश हवेत विरतो आणि दोष शिपायाच्या माथी बसतो. जिल्ह्याला स्वतंत्र तक्रार प्राधिकरण आणि खटल्याच्या मंजुरीवर ठरलेल्या मुदतीत कारणांसह लेखी निर्णय, एवढे तरी मिळायलाच हवे. बऊरजवळच्या त्या रस्त्यावर पाणी मागायला गेलेल्या माणसांना बंदूक नको होती. त्यांच्यावर चाललेल्या बंदुकीचा हिशेब तेवढा हवा होता.