आजीचा पितळी गंज

आमच्या मालेगावच्या (जि. वाशीम) घरी आजीचा पितळी गंज (स्वयंपाकाचं भांडं) अजून वापरात आहे. काठावर आहेर देणाऱ्या तिच्या भावाचं नाव कोरलंय. त्यावरून बोट फिरवल्याशिवाय मला राहवत नाही.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात ताक-चिंचेचे पदार्थ कळकतात, म्हणून कल्हई. भांडं तापवून नवसागर टाकला की मळ सुटतो. मग २३२ अंशांना वितळणारं कथील कापसानं फिरवायचं, आतून चांदीसारखं लख्ख!

पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तूंचं संग्रहालय मुलाच्या, राजाच्या, आठवणीत उभारलं आणि १९७५ साली राज्य सरकारला दिलं. तिथले अडकित्ते बघाच.

आणि हो, कोरलेल्या नावावर तारेची घासणी नको. बाहेरून चिंच पुरते.