तख्त तंजावरचं, वारसा चेन्नईचा

डिसेंबरात चेन्नईच्या मैलापूर भागात सभागृहांतून कचेऱ्या, म्हणजे गाण्याच्या मैफली, रंगू लागतात, तेव्हा शेवटच्या अर्ध्या तासात अनेकदा एखादा अभंग येतो आणि तमिळ श्रोते टाळ्यांनी ठेका धरतात. हरिकथेला बसलात तर निरूपणाच्या मधेमधे साकी, दिंडी, ओवी, घनाक्षरी ऐकू येतात. तिथले भागवतर, म्हणजे कथेकरी, त्यांना याच नावांनी ओळखतात. हे सारं तिथवर नेलं तंजावरला गेलेल्या मराठी कीर्तनकारांनी. आणि तंजावरचं ते धन चेन्नईच्या पदरात पडलं, त्यामागे एका राज्याचा अंत आहे.

तंजावरचे भोसले महाराष्ट्रात आपण फार तर शहाजीराजांच्या वंशवृक्षाची एक फांदी म्हणून आठवतो. हा त्यांच्यावर अन्याय आहे. तंजावरची ही गादी स्थापणाऱ्या व्यंकोजीराजांचा मुलगा शहाजी (कारकीर्द 1684 ते 1712) याच्या दरबारात मराठी नाटकं लिहिली गेली, तेव्हा विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या ‘सीतास्वयंवरा’ला अजून सव्वाशे वर्षांहून अधिक अवकाश होता. दुसऱ्या सरफोजींनी 1799 च्या तहानं राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, पण मिळणाऱ्या तनख्यावर जे उभं केलं ते थक्क करणारं आहे. 1805 मध्ये वाड्यात देवनागरी छापखाना सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्यातून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचं मराठी पुस्तक निघालं. मुंबईत गणपत कृष्णाजींचा छापखाना यायला अजून पाव शतक होतं. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे तर मला फार लोभस वाटणारं नाटक. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते, तोही मराठीत. काशीयात्रेतून राजानं पोथ्या गोळा करून आणल्या, सरस्वती महाल ग्रंथालय भरत गेलं. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ याच दरबाराचे. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा आजचा क्रम त्यांनीच बसवला.

29 ऑक्टोबर 1855 रोजी सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे वारले. औरस मुलगा नव्हता. कंपनीनं राज्य खालसा केलं आणि पुढच्या वर्षी कमिशनर फोर्ब्सनं शिपाई घेऊन वाड्यातली मालमत्ता मोहोरबंद केली. दौलत तर गेलीच, पण राण्यांची खासगी मिळकतही गेली. थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेब गप्प बसल्या नाहीत. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्यांनी दावा लावला आणि जिंकला. पण 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला. सरकारनं राज्यसत्ता म्हणून केलेली कृती न्याय्य की अन्याय्य, हे पाहण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, असं त्यांचं म्हणणं. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही शिकतात, पण वादी ही एक मराठी विधवा राणी होती हे किती जणांच्या ध्यानात राहतं? पुढे सरकारनं मालमत्ता राण्यांना परत केली, ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

पोथ्या वाड्यातच राहिल्या. बर्नेल नावाच्या न्यायाधीशानं संस्कृत हस्तलिखितांची सूची केली, ती 1880 मध्ये छापली गेली आणि 1918 मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं. माणसांना मात्र पोट होतं. दरबारातून मिळणारं वेतन, वर्षासन, सणासुदीची बिदागी थांबल्यावर गवई, नर्तकी आणि नट्टुवनार (नाच शिकवणारे गुरू) वाट फुटेल तिकडे गेले. कुणी त्रावणकोरला, कुणी म्हैसूरला, पण सगळ्यात मोठा ओघ मद्रासकडे वळला, कारण पैसेवाले दुभाषे, व्यापारी, वकील तिथे होते.

वीणा धनम्माळचं घराणं याच ओघातलं. आजी कामाक्षी तंजावर दरबारची नर्तकी. नात 1867 मध्ये मद्रासच्या जॉर्ज टाऊनमध्ये जन्मली. तिथल्या लहानशा घरात शुक्रवारी संध्याकाळी ती वीणा वाजवायला बसे, तेव्हा ऐकायला जाणकार आणि मोठमोठे गवई येत, आणि कुणी खोकलेलंही तिला खपत नसे. तिची नात बालसरस्वती. बालाला नाच शिकवणारे कंदप्पा पिळ्ळै त्या चार भावांच्याच वंशातले. 1927 च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि त्यातून 1928 मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली. राजाची जागा तिकीट काढणाऱ्या रसिकानं घेतली.

सत्ता उलथली की विद्येचं काय होतं, याचे याहून भीषण दाखले चीनमध्ये आहेत. तिथे 1924 मध्ये माजी सम्राटाला राजवाड्यातून बाहेर काढलं गेलं आणि पुढच्या वर्षी राजवाड्याचं संग्रहालय झालं. जपानी आक्रमणाच्या भीतीनं 1933 पासून त्यातल्या वस्तू पेट्यांत भरून दक्षिणेकडे निघाल्या. यादवी युद्धाच्या शेवटी त्यांतल्या जवळजवळ तीन हजार पेट्या तैवानला गेल्या आणि एका राजवाड्याचा ठेवा बीजिंग व तैपेई असा दुभंगला. पण वस्तू निदान वाचल्या. 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा घाला माणसांवर पडला. लाओ श यांच्यासारख्या थोर कादंबरीकाराला भर लोकांत मारहाण झाली आणि एक-दोन दिवसांतच ते बीजिंगच्या तळ्यात मृतावस्थेत सापडले. विद्यापीठांची प्रवेश परीक्षा बंद पडली, ती थेट 1977 च्या डिसेंबरात झाली. त्या वेळी सुमारे 57 लाख जण परीक्षेला बसले. एक अख्खी पिढी दाराबाहेर ताटकळली होती.

तंजावरला कुणी पंडिताला मारलं नाही. फक्त वेतन थांबलं. पण तेवढ्यानंही एक भाषा मागे पडू शकते, हे आपण नीट पाहायला हवं. गाण्याला आणि नाचाला नवा आश्रयदाता सापडला, कारण तो तमिळ किंवा तेलुगू बोलणारा असला तरी सूर-ताल त्याला कळत होते. मराठी कीर्तनानं तमिळ अंगीकारलं, तंजावर कृष्ण भागवतरांनी त्याला रूप दिलं आणि हरिकथा तगली. मराठी नाटकाला, मराठी गद्याला, मोडीतल्या कारभाराला मात्र मद्रासमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. चेन्नई-कुंभकोणमच्या दक्षिणी, म्हणजे तंजावरी मराठी, घरांत मराठी अजून बोलली जाते, पण बऱ्याच घरांत ती लिहिली-वाचली जात नाही.

सरस्वती महालात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखितं आहेत आणि तंजावर दरबाराची मोडी दप्तरं वेगळीच. काहींचा अभ्यास तमिळ विद्वानांनी केला, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात आज मोडीचे वर्ग भरतात, शिकणारेही उत्साही आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पेशवे दप्तराइतकाच तंजावरवरही आपला हक्क आहे आणि तितकंच ते आपलं कर्तव्यही आहे. चेन्नईहून तंजावर एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आहे. एकदा जा, आणि वाचायला बसा.