सोने सापडते, खाण सापडत नाही

वर्ध्याला खेटून असलेल्या नालवाडीत विहीर खणायला घेतली, की आधी कपाशीची काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेला हा लाव्हा. त्याचे थरावर थर साचले आणि महाराष्ट्राचा बहुतेक जुना भूभाग त्यांच्याखाली गाडला गेला. सोन्याच्या शोधात निघालेला भूवैज्ञानिक नकाशा उघडतो, तेव्हा पहिल्याच बैठकीत नालवाडीवर काट मारतो.

या दगडात सोने अजिबात नाही, असे मात्र नाही. पृथ्वीच्या कवचात ते सगळीकडे विखुरलेले असते, सरासरी टनामागे काही मिलिग्रॅम. खरा प्रश्न ते एका जागी गोळा होण्याचा. ते काम खोलवरचे, गंधक मिसळलेले, अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापलेले पाणी करते. खडकांतून झिरपताना ते कणाकणाने सोने विरघळवून घेते. पिचलेल्या, भेगाळलेल्या पट्ट्यात शिरले की त्याच्यावरचा दाब उतरतो, पाण्यात विरघळलेली गारगोटी साकळते आणि तिच्या सोबतीने सोनेही खाली बसते. म्हणून शोधणाऱ्याची नजर पांढऱ्या गारगोटीच्या शिरांवर असते. नालवाडीचा लाव्हा त्या मानाने कोवळा. आडवा पडला तो तसाच राहिला. डोंगर घडवणाऱ्या उलथापालथीच्या वाट्याला तो आलाच नाही.

पूर्वेला चित्र पालटते. नागपुरात सीताबर्डीची टेकडी अजून लाव्ह्याचीच आहे, पण शहराच्या पूर्व भागात पायाखाली कितीतरी जुना खडक येतो. त्याही पुढे नागपूर, भंडारा, गडचिरोली या जिल्ह्यांत साकोली पट्टा पसरला आहे. अब्जाहून अधिक वर्षांचे, घड्या पडलेले, दाबाखाली पिळून निघालेले हे खडक. मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरच्या मुलखात परसोडी, कोलारी, मरुपार अशा गावांच्या परिसरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याच्या नोंदी केल्या आहेत. मग तिथे खाण का नाही?

कारण नोंद आणि खाण यांच्यामध्ये बराच लांबचा रस्ता आहे. तो सुरू होतो ओढ्याच्या गाळापासून. पाऊस डोंगर झिजवतो आणि वरच्या खडकाचा चुरा ओढ्यात आणून टाकतो. हे गुपित सोनझारा लोकांना प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. नदीची वाळू धुऊन सोने वेचणाऱ्या या जमातीची नोंद रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात केली आहे. आता चौरस आखून गाळाचे नमुने घेतले जातात आणि सोन्याइतकेच लक्ष आर्सेनिकवर ठेवले जाते. सोने अतिसूक्ष्म असल्याने हुलकावणी देते, त्याचा हा सोबती मात्र लवकर पकडला जातो.

संशय बळावला की चर खणतात, जमिनीत वीज सोडून धातुयुक्त खडकाचा माग काढतात आणि शेवटी हिऱ्याच्या दातांचे छिद्रणयंत्र लावतात. दगडाचा लांब दंडगोल वर येतो. तो उभा चिरून एक फाक प्रयोगशाळेत जाते, दुसरी पेटीत जपून ठेवली जाते, पुढे कोणाला शंका आली तर पडताळायला. प्रयोगशाळेतली अग्निपरीक्षा सराफाला परकी वाटणार नाही: दगडाची पूड शिशाबरोबर वितळवायची, शिसे उडवून लावायचे आणि उरलेला मणी तोलायचा. अडचण अशी की सोने शिरेत सारखे पसरलेले नसते. एका छिद्रात भरपूर आणि चार पावलांवरच्या दुसऱ्यात शून्य, असे सर्रास घडते. एका छिद्रावर कोणी मोठा आकडा सांगितला, तर शहाण्याने बाकीच्या छिद्रांची चौकशी करावी.

टनाला 1 ग्रॅम सोने म्हणजे 10 टन दगड फोडून, दळून हाती येते ते 10 ग्रॅम, बाजारातला एक तोळा. वीज, रसायने, गेलेली शेतजमीन आणि उरलेला विषारी गाळ, सगळे त्या तोळ्यातून भागवायचे. कर्नाटकातल्या कोलारच्या जगप्रसिद्ध खाणीने शतकभरात सुमारे 800 टन सोने दिले, पण 3 किलोमीटरहून खोल गेल्यावर खर्च पेलेना आणि 2001 मध्ये ती बंद झाली. तिथल्याच रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण मात्र चालू आहे. चांदीची तऱ्हा वेगळी: भारतातली बहुतेक चांदी राजस्थानात जस्त आणि शिशाबरोबर जोडउत्पादन म्हणून निघते, चांदीसाठी म्हणून कोणी खणत नाही.

तरी बातमीला धीर नसतो. डिसेंबर 2022 मध्ये चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सोन्याचे साठे असल्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी नागपुरात सांगितले आणि सोन्याच्या खाणींचे मथळे झळकले. साठ्याची शक्यता आणि खाण यांतला फरक मथळ्यात मावत नाही.

नालवाडीला या सोन्याचे सोयरसुतक नसावे. 1932 च्या अखेरीस विनोबा भावे इथे राहायला आले, सूतकताईच्या कमाईवर जगून पाहिले आणि पुढे जवळच्याच पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाविना जगण्याचा, प्रयोग मांडला.

भूवैज्ञानिकांचे कुतूहल मात्र काट मारून संपत नाही. लाव्ह्याखाली काय दडले आहे? 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल छिद्र घेतले, तेव्हा 338 मीटर लाव्हा ओलांडल्यावर जुना खडक लागला. म्हणजे झाकणाखाली प्राचीन पाया आहे. त्यात सोन्याच्या शिरा आहेत का, हा वेगळा आणि फार महागडा प्रश्न. ओढ्याचा गाळ इथे उपयोगाचा नाही, कारण ओढा फक्त लाव्हाच झिजवतो. खोल दडलेल्या खनिजांचा शोध खासगी कंपन्यांनी घ्यावा म्हणून 2023 मध्ये खाण कायद्यात बदल करून शोधकार्याचा स्वतंत्र परवाना आणला गेला. त्यासाठी ठरवलेल्या खनिजांच्या यादीत सोने आणि चांदी आहेत. परवाना मिळाला तरी कोणतीही कंपनी आधी साकोलीसारख्या उघड्या पट्ट्यांकडे वळेल. तिथे निदान गारगोटी डोळ्यांना दिसते.