काटा रोज का हलतो?

वजन कमी करण्याचा निश्चय करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. परीक्षा संपल्या की, नाहीतर घरात एखादे लग्न ठरले की असे निश्चय होतात. पहिला आठवडा उत्साहात जातो; काटा दोन किलोंनी खाली येतो; मित्रमंडळीत कौतुक होते. मग एके दिवशी सकाळी, आदल्या दिवशी काहीही वावगे खाल्लेले नसताना, काटा एक किलो वर दिसतो. दुसऱ्या दिवशीही तेथेच. ‘एवढी उपासमार करून हेच फळ मिळणार असेल, तर उपास कशाला?’ असे म्हणून माणूस थेट कँटीनची वाट धरतो. पुष्कळांचा निश्चय भुकेने नव्हे, तर या एका आकड्याने मोडतो. तेव्हा हा आकडा मुळात सांगतो तरी काय, हे पाहिले पाहिजे.

या प्रश्नाचा पाठपुरावा विलक्षण चिकाटीने करणारा पहिला माणूस म्हणजे इटलीतील पादुआ विद्यापीठाचा वैद्य सान्तोरिओ (१५६१–१६३६). त्याने एक खुर्ची भल्यामोठ्या तराजूला टांगली आणि सुमारे तीस वर्षे तो स्वतःला, स्वतःच्या अन्नपाण्याला व मलमूत्राला तोलत राहिला. १६१४ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाकाठी आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यातले सुमारे पाच पौंड न दिसताच शरीराबाहेर पडतात, असा त्याचा हिशेब होता. आज आपल्याला ठाऊक आहे की, हा अदृश्य व्यय म्हणजे त्वचेतून व श्वासावाटे जाणारी पाण्याची वाफ आणि उच्छ्वासातला कर्बद्विप्राणिद वायू. सान्तोरिओला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण मनुष्यदेह हा दगडासारखा एका वजनाचा पदार्थ नसून सतत भरणारा व रिकामा होणारा हौद आहे, हे त्याच्या तराजूने दाखवून दिले.

आता थोडे गणित. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे रातोरात एक किलो चरबी वाढायची, तर रोजच्या गरजेव्यतिरिक्त तितके उष्मांक पोटात जायला हवेत. एका पुरणपोळीचे तीनशे धरले, तर नेहमीचे जेवण जेवून वर पंचवीस पोळ्या! उलट बाजूनेही हाच न्याय. रोज गरजेपेक्षा ५०० उष्मांक कमी घेणारा माणूस दिवसाला जेमतेम ६५ ग्रॅम चरबी गमावतो. आणि त्याच माणसाचे वजन काही कारण नसताना दिवसागणिक एखाद्या किलोने खालीवर होत असते. बाजाराच्या गलबल्यात कुणी कानात कुजबुजावे, तशी त्या ६५ ग्रॅमांची गत होते.

हा गलबला करते कोण? मुख्यतः पाणी. शरीरातील द्रवात दर लिटरला सुमारे नऊ ग्रॅम मीठ लागते. रात्री पापड, लोणचे, फरसाण असा बेत झाला आणि चमचाभर मीठ जास्त गेले, तर ते मूत्रपिंडांनी बाहेर टाकेपर्यंत अर्धा लिटर पाणी अडकून राहते. म्हणजे काट्यावर अर्धा किलो, चरबी शून्य.

दुसरे कारण अधिक मौजेचे आहे. पिष्टमय अन्नाचा काही भाग आपले शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात व स्नायूंत साठवते. हा साठा साधारण अर्धा किलो असतो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगतो. खाणे एकदम कमी केले की शरीर आधी हे कोठार उपसते, आणि त्याबरोबर पाणीही जाते. पहिल्या आठवड्यातल्या त्या कौतुकास्पद दोन किलोंचे रहस्य बव्हंशी हेच! निर्जळी एकादशी करून द्वादशीला यथासांग पारणे सोडणाऱ्याचे वजन एका दिवसात किलोभर उतरते आणि दुसऱ्या दिवशी परत चढते, तेही याचमुळे. (‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या पंथाचे आपल्यातले बरेचजण साबुदाण्याच्या खिचडीने हे कोठार उपासाच्या दिवशीही भरलेलेच ठेवतात, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा पहिल्या आठवड्यातील कौतुक जितके अनाठायी, तितकीच नंतरची हळहळही.

याखेरीज आतड्यांतले अन्न आहेच. नव्याने व्यायाम सुरू केलेल्याचे स्नायू दुखतात, किंचित सुजतात व पाणी धरतात. त्यामुळे व्यायामाच्या पहिल्या पंधरवड्यात वजन वाढलेले पाहून आखाडा सोडणे हा निव्वळ अन्याय होय. मासिक पाळीच्या आगेमागेही कित्येक मुलींच्या शरीरात पाणी साठते. त्यांनी आजचे वजन कालच्याशी न ताडता मागील महिन्याच्या त्याच दिवसांशी ताडावे.

हे ठाऊक नसल्यामुळे जे उपाय केले जातात, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. एक किलो वाढलेले पाहून दोन वेळचे जेवण टाकणे, पाणी पिणे तोडणे, उन्हात रेनकोट घालून धावणे, जुलाबाची औषधे घेणे असे प्रकार आपल्या वसतिगृहांतूनही चालतात. यात जाते ते पाणी आणि क्षार. चरबीला धक्काही लागत नाही. क्षारांचा तोल फार बिघडला तर हृदयाची लय चुकू शकते. आणि टाकलेले जेवण रात्री व्याजासह वसूल होते, ते वेगळेच.

यावर उतारा आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात फळ्यावर रोज लिहिला जातो : सरासरी. किमतींचा कल पाहताना आपण एका दिवसाचा भाव धरत नाही. तसेच येथेही करावे. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, कठीण फरशीवर ठेवलेल्या एकाच काट्यावर वजन करून टिपून ठेवावे. समजा, सोमवार ते रविवार आकडे आले ७२.४, ७१.८, ७२.६, ७२.१, ७१.५, ७२.९, ७२.३; आणि पुढच्या आठवड्यात ७२.७, ७१.९, ७१.४, ७१.६, ७२.३, ७१.२, ७१.७. सोमवारची सोमवारशी तुलना करणारा म्हणेल, तीनशे ग्रॅम वाढले! पण सरासरी ७२.२ वरून ७१.८ वर आली आहे, म्हणजे चारशे ग्रॅमची घट. आकडे तेच, वाचणारा बदलला. ज्याला रोजच्या आकड्याने दिवसभर रुखरुख लागते, त्याने काट्याच्या वाटेलाच जाऊ नये. महिन्यातून दोनदा कमरेला टेप लावावी.

टेप सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघांचाही निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आतून मेदयुक्त, हे आपल्या भारतीय देहाचे वैशिष्ट्य. काटा बिचारा हाड, मांस, पाणी आणि चरबी एकाच मापाने मोजतो.

सरासरीच महिनाभर जागची हलली नाही, तर मात्र घट खरोखर थांबली आहे असे समजावे. हलक्या झालेल्या देहाला उष्मांकही कमी लागतात. आरंभी बेतशीर असलेला आहार आता पुरेपूर ठरलेला असतो, व त्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. आणि दोन प्रसंगी हिशेब बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे : काही प्रयत्न न करता वजन सतत उतरू लागले तर, किंवा चार-दोन दिवसांत झपाट्याने वाढून पावलांवर सूज व धाप दिसू लागली तर. तेही पाणीच असते. पण ते हृदयाच्या किंवा मूत्रपिंडांच्या विकारामुळे साठलेले असू शकते.