डिकीवरची पट्टी आणि हवेचा दाब

१९६८ सालची डॉज चार्जर मागून पाहावी. छताच्या दोन्ही कडा काचेला मागे टाकून डिकीपर्यंत उतरत गेलेल्या, आणि त्या दोन उतारांच्या मधल्या खोलगट जागेत मागची काच आत दडलेली. अमेरिकी मसल कारच्या साऱ्या पिढीत इतका देखणा पाठमोरा आकार दुसरा नाही, असं मला मनापासून वाटतं. पण नॅसकार शर्यतींच्या लांबलचक ट्रॅकवर याच आकाराने चालकांना हैराण केलं. काचेच्या खोबणीत हवा पत्र्यापासून सुटायची, भोवरे धरायची, आणि ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास मागची चाकं हलकी व्हायची. इंजिनात ताकदीची काहीच कमी नव्हती. ती रस्त्याला लावायची तर टायरवर भार लागतो, आणि तो भार वाहती हवा काढून घेत होती.

पुढच्या वर्षी डॉजने काच छताच्या उताराबरोबर आणली, पुढची आत बसलेली जाळीही बाहेर घेतली. ही चार्जर ५००. तेवढ्याने भागलं नाही. मग डॉजच्या मूळ कंपनीच्या, म्हणजे क्रायस्लरच्या अभियंत्यांनी वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांवरून त्याच गाडीला पुढे लांब चोच लावली आणि मागे डिकीच्या वर ५८ सेंटिमीटर उंच पंख उभा केला. तिचं नाव चार्जर डेटोना. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकरने या गाडीतून ताशी २००.४४७ मैलांची, म्हणजे सुमारे ३२३ किलोमीटरची फेरी मारली. बंद ट्रॅकवर २०० मैलांचा आकडा नॅसकारच्या गाडीने प्रथमच ओलांडला. पुढच्या हंगामासाठी नॅसकारने नियमच बदलला: पंखवाल्या गाडीला फक्त ५ लिटरचं इंजिन, बाकीच्यांना ७ लिटरचं. हवेला साजेसा आकार इंजिनाच्या दोन लिटरना भारी पडतो, याची इतकी स्पष्ट कबुली दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हलकेपणा येतो कुठून? हवेला वाकड्या वाटेने वळवायचं तर वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी असावा लागतो. बॉनेटवरून छतावर आणि छतावरून मागच्या काचेकडे उतरताना हवा गाडीच्या फुगवट्याला धरून वळते, म्हणून त्या पत्र्यालगत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. गाडीखालची हवा तुलनेने रेंगाळते, तिथे दाब जास्त. या फरकामुळे गाडी वर ओढली जाते. हा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि सगळी गोम तिथेच आहे.

एक हिशेब मांडू. गाडीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर आणि मागच्या बाजूचा उचल-गुणांक ०.२ धरला, तर ताशी ५० किलोमीटरला मागची चाकं साधारण ५ किलोने हलकी होतात. शंभरला २० किलो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारीला हीच वेगमर्यादा आहे, आणि तिथे २० किलो म्हणजे डिकीतलं सामान थोडं कमी-जास्त झाल्यासारखं. चालकाला पत्ताही लागत नाही. दोनशेला मात्र तो आकडा ८० होतो आणि बेकरच्या वेगाला दोनशेच्या वर जातो. मसल कारचं अवजड व्ही-८ इंजिन पुढे असतं, मागच्या चाकांवर आधीच निम्म्याहून कमी वजन, आणि चालना नेमकी त्याच चाकांना. म्हणून शर्यतीच्या वेगाला हे दोनशे किलो जिवावर बेततात.

डिकीच्या मागच्या कडेवर काही सेंटिमीटर उंचीची पट्टी लावली की काय होतं? ती हवेला अडवते, आणि अडलेली हवा पट्टीच्या पुढच्या पत्र्यावर, म्हणजे डिकीवर आणि थोडा काचेवरही दाब वाढवते. डिकीचं झाकण पाऊण चौरस मीटरचं आणि त्यावरचा दाब सरासरी ३०० पास्कलने वाढला असं समजा. वातावरणाच्या दाबाच्या मानाने ही वाढ जेमतेम ०.३ टक्के, पण तिचा भार होतो २३ किलो. काम खरं तर झाकणाचा पत्रा करतो. पट्टी फक्त त्याला ते करायला लावते. डेटोनाच्या पंखाचं तंत्र वेगळं. त्याच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा वाहावी लागते, म्हणून तो छतामागच्या भोवऱ्यांतून वर काढून स्वच्छ हवेत न्यावा लागला. बुटका पंख उभ्या काचेच्या मागे भोवऱ्यांत बसवला तर तो बहुतांशी शोभेचाच.

ही पट्टी काही अमेरिकेतच जन्मली नाही. १९६१ मध्ये फेरारीच्या चाचण्या घेणाऱ्या रिची गिंथरच्या काळात त्या गाड्यांच्या शेपटीवर अशी पट्टी आली आणि त्या स्थिर धावू लागल्या. अमेरिकेत ती रस्त्यावर उतरली ती शर्यतीच्या नियमांमुळे. ट्रान्स-ॲम मालिकेत जे भाग वापरायचे, ते दुकानात विकल्या जाणाऱ्या गाडीवरही असायला हवेत, असा दंडक होता. शेवरोले कॅमॅरो झेड/२८ घेऊन मार्क डोनोह्यूने १९६८ आणि १९६९ची मालिका गाजवली. १९७० मध्ये तो एएमसी कंपनीकडे गेला, तर तिथल्या जॅव्हलिन गाडीची मागची पट्टी शर्यतीत चालावी म्हणून कंपनीला त्याच्या नावाच्या सुमारे अडीच हजार गाड्या बनवाव्या लागल्या. फोर्डच्या मस्टँग बॉस ३०२चं रूप लॅरी शिनोडाने घडवलं. तिच्या डिकीवर दोन खुंटांवर उभा असलेला पंख कमी-जास्त तिरपा करता येतो. आज या गाड्या जपणारी माणसं साध्या मॉडेलवर हे भाग नव्याने चढवतात ते बहुधा रूपासाठी. त्यात वावगं काही नाही. फक्त हात लावताना भौतिकशास्त्र आणि पत्रा, दोघांचाही मान राखावा.

१९६९ची कॅमॅरो घेऊ. तिची मागची पट्टी तीन तुकड्यांत येते: मधला लांब तुकडा झाकणावर, दोन टोकं दोन्ही बाजूंच्या मागच्या फेंडरवर. तिन्हींची वरची रेषा एक दिसली पाहिजे. त्यामुळे पहिलं काम ड्रिलचं नाहीच, झाकण आणि फेंडर यांच्यातली फट दोन्हीकडे सारखी करण्याचं आहे. पन्नास वर्षांत बिजागऱ्या झिजलेल्या असतात, कुठे तरी जुना ठोका बसून पुट्टी भरलेली असते. झाकण वाकडं असताना भोकं पाडली, तर नंतर झाकण सरळ केल्यावर पट्टी वाकडी होते. मास्किंग टेप लावून तिन्ही तुकडे नुसते ठेवून बघावेत, दहा पावलं मागे जाऊन बघावेत, दुसऱ्या दिवशी परत बघावेत.

मग खुणा, पंचाचा ठोका, आधी बारीक भोक, मग हव्या त्या मापाचं. इथे घाई झाली की गंजाला आमंत्रण. कारखान्यातला रंग पत्र्याला हवा-पाण्यापासून झाकून ठेवतो. भोकाच्या कडेला लोखंड उघडं पडतं, आणि पट्टीखाली साचलेलं पाणी तिथे महिनोन्‌महिने टिकतं. कडेची बर कानशीने काढावी, उघड्या धातूला प्रायमर आणि रंग द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, आणि पट्टीखाली रबरी गॅस्केट बसवावी. नटाखाली मोठा वॉशर हवा, कारण बाहेरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो आणि ताण एका बिंदूवर आला की खळगा पडतो.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये हमखास विसरली जाते. नव्या पट्ट्या अनेकदा प्लॅस्टिकच्या असतात आणि प्लॅस्टिक उन्हात लोखंडाच्या सहा-सात पट प्रसरण पावतं. सव्वा मीटरच्या तुकड्यात, तापमान ४० अंशांनी वाढलं तर पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो, प्लॅस्टिक चारच्या आसपास. मधला बोल्ट घट्ट धरून टोकांकडची भोकं लांबट ठेवली नाहीत, तर पट्टी उन्हाळ्यात कमान करते आणि रंगाला तडे जातात. फायबरग्लासला हा त्रास बराच कमी. त्याला घासून-पुसून सरळ करण्यात मात्र वेळ जातो.

झाकण जड झालं की ते उघडं धरणाऱ्या पिळाच्या सळयांचा ताणही वाढवावा लागतो, नाही तर डिकीत वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर ते येतं.

आता पुढच्या टोकाकडे. मागची पट्टी मागच्या आसाच्याही मागे असते. आसांमधलं अंतर २.७ मीटर आणि पट्टीमुळे येणारा ३० किलो भार मागच्या आसापासून एक मीटर मागे पडतोय असं धरा. सी-सॉवर होतं तेच इथे होतं: मागच्या चाकांवर ४१ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून ११ किलो उतरतात. म्हणजे नुसती मागची पट्टी लावलेली गाडी भर वेगात स्टिअरिंगला जरा उशिरा ऐकते. शेवरोलेने १९६९ मध्ये कारखान्यातून येणाऱ्या पर्यायात मागच्या पट्टीबरोबर पुढच्या बंपरखालची पट्टीही दिली होती. जोडी फोडून फक्त मागची विकत घेणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं, कारण ते त्या अभियंत्यांच्या कामाचा अर्धाच भाग घरी नेतात.

आणि जी गाडी पट्टीशिवायच कारखान्यातून निघाली, जिचा मूळ पत्रा अजून शाबूत आहे, तिला ड्रिल लावू नये असं माझं ठाम मत आहे. असा पत्रा पुन्हा तयार होत नाही. बॉस ३०२सारखा पंख ज्या मस्टँगवर हवा असेल, तिच्यासाठी नवं झाकण विकत घ्यावं, भोकं त्यात पाडावीत आणि जुनं झाकण तेल लावून बाजूला ठेवावं. उद्या मालकाचं मन बदललं तर चार बोल्टांचं काम. कॅमॅरोत ही सोय नाही, कारण टोकाचे तुकडे फेंडरवर बसतात आणि फेंडर अंगाला वेल्ड केलेला असतो. तिथे निर्णय आधी घ्यावा लागतो, भोक नंतर.